विश्लेषण : कंत्राट मिळाले, पण सुरक्षा मंजुरीच गेली तर? ‘सेलेबी’ प्रकरण सोलापूरच्या ठेकेदारांनी का वाचावे?

सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळावरून ९ जून २०२५ रोजी गोव्याची विमानसेवा सुरू झाली. त्याच्या २५ दिवस आधी, १५ मे रोजी, दिल्लीतून निघालेल्या एका छोट्या आदेशाने देशातील नऊ विमानतळांवर काम करणाऱ्या एका कंपनीचे काम थांबवले. त्या नऊ विमानतळांत मुंबई होते आणि सोलापूरचे प्रवासी ज्या मोपा विमानतळावर उतरू लागले, तेही होते. कंपनीचे नाव सेलेबी. तिच्या कामाबद्दल तक्रार नव्हती, थकबाकीचा वाद नव्हता, करारही संपलेला नव्हता. तिची सुरक्षा मंजुरी रद्द झाली होती, आणि का, हे तिला सांगण्यात आले नाही.

विमानतळ आला की त्याच्याबरोबर कामेही येतात. सामान चढवणे-उतरवणे, सफाई, वाहने, वाहनतळ, पहारा, केबल, कॅमेरे अशी ही यादी लांबलचक असते. यातल्या अनेक निविदांमध्ये ‘सुरक्षा मंजुरी आवश्यक’ अशी एक ओळ असते. पोलिस ठाण्यातून आणायचा चारित्र्य दाखला म्हणजेच ही मंजुरी, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात त्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एकीत नापास झालात तर कारण कळते, दाद मागता येते. दुसरीत नापास झालात तर कारण कधीच कळणार नाही, अशीही शक्यता असते. सर्वोच्च न्यायालयाने ही शक्यता काही अटींसह मान्य केली आहे.

१५ मे रोजी नेमके काय झाले?

पहलगाम येथे २२ एप्रिल २०२५ रोजी दहशतवादी हल्ला झाला. ७ मे रोजी भारताने ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू केले. त्यानंतरच्या संघर्षात पाकिस्तानने वापरलेले ड्रोन तुर्की बनावटीचे, ‘असिसगार्ड सोंगर’ प्रकारचे असल्याचे प्राथमिक तपासात दिसते, असे भारतीय बाजूने पत्रकार परिषदेत सांगण्यात आले. तुर्कस्तानने पाकिस्तानला उघड पाठिंबाही दिला. त्याचे पडसाद महाराष्ट्रात लगेच उमटले. पुण्याच्या फळबाजारात व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदे घेणे थांबवले. मुंबई विमानतळावर सेलेबीशी करार तोडा, अशी मागणी घेऊन शिवसेनेचे शिष्टमंडळ गेले.

सेलेबी ही मूळची तुर्की कंपनी, १९५८ मध्ये स्थापन झालेली. भारतात ती २००८ पासून आहे. दिल्ली, मुंबई, बंगळूरु, हैदराबाद, चेन्नई, अहमदाबाद, कोची, कन्नूर आणि गोव्यातील मोपा येथे तिच्या समूहातील कंपन्या ग्राउंड हँडलिंग किंवा मालवाहतुकीची कामे करत होत्या. कंपनीच्या दाव्यानुसार भारतात तिचे १० हजारांहून अधिक कर्मचारी होते आणि वर्षाला सुमारे ५८ हजार उड्डाणे तिच्या हातून जात. मुंबई विमानतळावरील ग्राउंड हँडलिंगचा जवळपास ७० टक्के भाग तिच्याकडे असल्याचे त्या वेळच्या बातम्यांत म्हटले होते.

नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो, म्हणजे ‘बीसीएएस’ने १५ मे रोजी जो आदेश काढला, त्यात सांगण्यासारखे दोनच मुद्दे होते. या कंपनीला २१ नोव्हेंबर २०२२ रोजी ग्राउंड हँडलिंगसाठी सुरक्षा मंजुरी दिली होती, हा पहिला. राष्ट्रीय सुरक्षेच्या हितासाठी ती तत्काळ रद्द केली जात आहे, हा दुसरा. नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री आणि पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ यांनी समाजमाध्यमावर या निर्णयाची माहिती देताना, देशभरातून तशी मागणी येत असल्याचा उल्लेख केला.

कंपनीने खुलासा केला तो मालकीबद्दल. तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान यांच्या मुलीची कंपनीत भागीदारी असल्याची चर्चा समाजमाध्यमांवर होती. ती खोटी असून, ६५ टक्के मालकी कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती आणि पश्चिम युरोपातील संस्थात्मक गुंतवणूकदारांची, तर ३५ टक्के संस्थापक सेलेबिओग्लू कुटुंबाची आहे, असे कंपनीने सांगितले. खुलासा सविस्तर होता. पण तो कशाला दिलेले उत्तर होता? आरोपपत्रच हाती नसताना कंपनी समाजमाध्यमांवरील अफवेला उत्तर देत होती.

सामान उचलणाऱ्या कंपनीची एवढी धास्ती का?

ग्राउंड हँडलिंग म्हटले की बॅगा ओढणारा ट्रॅक्टर डोळ्यांसमोर येतो. पण हे काम करणारा माणूस विमानाच्या पोटात शिरतो. मालाचा डबा कुठे ठेवायचा, वजन कसे विभागायचे, कोणते विमान कोणत्या वेळी कुठे उभे राहणार, कोणता माल कोणाच्या नावाने आला, ही सगळी माहिती त्याच्या हाताखालून जाते. प्रवाशांच्या नोंदींच्या यंत्रणेपर्यंतही त्याचा हात पोहोचू शकतो. अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या विमानांनाही जमिनीवर कोणीतरी हाताळावेच लागते.

या क्षेत्रातील नियम अपघातांतून आणि घातपातांतून तयार झाले आहेत. १९७६ च्या सप्टेंबरमध्ये इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचे अपहरण झाले. त्यानंतर पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात बीसीएएस हा विभाग सुरू झाला. जून १९८५ मध्ये एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान सामानात ठेवलेल्या बॉम्बने अटलांटिकवर उडवले गेले आणि ३२९ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर १ एप्रिल १९८७ रोजी बीसीएएसला स्वतंत्र दर्जा मिळाला. ‘कनिष्क’मध्ये घातपात झाला तो सामानातून. त्यामुळे सामान हाताळणारा कोण, हा प्रश्न सुरक्षा यंत्रणांना किरकोळ वाटत नाही, आणि तो तसा नाहीही.

कारण न सांगता मंजुरी काढून घेता येते का?

नियमाचे उत्तर आधी पाहू. विमान (सुरक्षा) नियम, २०२३ मधील नियम १२ नुसार बीसीएएसच्या महासंचालकांना मंजुरी निलंबित वा रद्द करता येते. पण त्यासाठी संबंधिताला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी आणि कारणे लेखी नोंदवावीत, असे नियमातच म्हटले आहे. कागदावर हे उत्तर स्पष्ट आहे.

न्यायालयांचे उत्तर इतके सरळ नाही. ते तीन प्रकरणांतून हळूहळू घडत गेले आहे.

पहिले प्रकरण पाटण्याचे. ‘एक्स-आर्मीमेन्स प्रोटेक्शन सर्व्हिसेस’ ही कंपनी तिथल्या विमानतळावर ग्राउंड हँडलिंग करत होती. तिची मंजुरी राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन काढून घेतली गेली, म्हणणे ऐकून घेतले नाही. माजी सैनिकांचे नाव लावणारी कंपनी राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाने बाद व्हावी, यातला विरोधाभास कोणाच्याही लक्षात येईल. पाटणा उच्च न्यायालयात एकल न्यायमूर्तींनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला, खंडपीठाने तो फिरवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची बाजू मान्य केली. राष्ट्रीय सुरक्षा कशात आहे हे ठरवणे हा धोरणाचा भाग आहे. अशा प्रसंगी नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांचे काटेकोर पालन झालेच पाहिजे, असा आग्रह धरता येणार नाही. मात्र न्यायालय स्वतः फाइल मागवून, खरोखरच सुरक्षेचा प्रश्न आहे का हे पाहू शकते. निकालाचा गाभा हा असा.

दुसरे प्रकरण मुंबईचे. ‘डिजी केबल नेटवर्क’ ही केबल वितरण कंपनी. केंद्रीय गृह मंत्रालयाने सुरक्षा मंजुरी नाकारली म्हणून सप्टेंबर २०१४ मध्ये तिची परवानगी रद्द झाली. मुंबई उच्च न्यायालयाने कंपनीची याचिका फेटाळली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पाटण्याच्या निकालाचा आधार घेत तेच कायम ठेवले. इथे विमान नव्हते, विमानतळ नव्हता. घराघरांत वाहिन्या पोहोचवणाऱ्या कंपनीलाही तोच न्याय लागला. गल्लीबोळात केबल टाकणाऱ्यांनी हे प्रकरण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तिसरे प्रकरण या दोघांहून वेगळ्या दिशेला जाते. ‘मीडियावन’ या मल्याळी वृत्तवाहिनीच्या परवान्याचे नूतनीकरण ३१ जानेवारी २०२२ रोजी नाकारले गेले. कारण तेच, गृह मंत्रालयाची मंजुरी नाही. सरकारने केरळ उच्च न्यायालयात कारणे बंद लिफाफ्यात दिली आणि वाहिनी तिथे हरली. ५ एप्रिल २०२३ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. हिमा कोहली यांच्या पीठाने हा निर्णय उलटवला. राष्ट्रीय सुरक्षेचा दावा हवेत करता येत नाही, त्याला आधार लागतो. गुप्तता आवश्यक असेल तर तेवढाच मजकूर झाकावा, उरलेल्याचा सारांश समोरच्याला द्यावा. बंद लिफाफा हा पहिला उपाय असू शकत नाही. न्यायालयाने अशी कसोटी घालून दिली आणि चार आठवड्यांत परवाना नूतनीकरणाचा आदेश दिला.

याचा अर्थ मे २०२५ मध्ये सेलेबीसमोर दोन दरवाजे होते. एकावर पाटणा लिहिले होते, दुसऱ्यावर मीडियावन.

दिल्ली उच्च न्यायालयाने कोणता दरवाजा उघडला?

कंपनीच्या वतीने ज्येष्ठ वकील मुकुल रोहतगी यांनी नियम १२ वर बोट ठेवले. नोटीस नाही, सुनावणी नाही, कारण नाही. सतरा वर्षे काम करणाऱ्या कंपनीवर जनमताच्या रेट्यामुळे कारवाई झाली, असा त्यांचा रोख होता. सरकारच्या वतीने सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी सांगितले की काही परिस्थितीत आधी नोटीस देणे म्हणजे धोक्याला वेळ देणे. कारणे उघड केली तर ती मिळवण्याचे मार्गही उघड होतील. कारणे न्यायालयाला बंद लिफाफ्यात देण्यात आली.

न्या. सचिन दत्ता यांनी ७ जुलै २०२५ रोजी याचिका फेटाळल्या. ग्राउंड हँडलिंग करणाऱ्याला विमाने, माल, प्रवाशांची माहिती आणि संरक्षित भागांपर्यंत खोलवर प्रवेश असतो, त्यामुळे त्याची आणि त्याच्या परदेशी संबंधांची कठोर छाननी होणे स्वाभाविक आहे, असे निकालात म्हटले आहे. हेरगिरीची आणि लष्करी संघर्षाच्या काळात या साधनसामग्रीच्या दुहेरी वापराची शक्यता टाळणे गरजेचे असल्याचे निरीक्षणही न्यायालयाने नोंदवले. बंद लिफाफ्यातील मजकूर पाहून समाधान झाल्यावर त्याचा तपशील निकालात देणे न्यायालयाने टाळले.

मधल्या काळात मुंबईतही सुनावणी झाली होती. मुंबई विमानतळाने १७ मे रोजी नव्या ठेकेदारासाठी प्रस्ताव मागवले. २६ मे रोजी न्या. सोमशेखर सुंदरेसन यांच्या सुटीकालीन पीठाने या प्रस्तावांवर अंतिम निर्णय घेण्यास तात्पुरती मनाई केली. पण मूळ मुद्दा मंजुरीचा होता आणि तो दिल्लीत ठरणार होता. मंजुरीच नसेल तर करार वाचवूनही आत पाऊल टाकता येत नाही.

या निकालाकडे दोन बाजूंनी पाहावे लागते. सशस्त्र संघर्षाला जेमतेम आठवडा उलटलेला असताना सरकारने वाट पाहायला हवी होती, असे म्हणणे सोपे नाही. पण रद्द केल्यानंतर काय? तातडी पहिल्या दिवशी असते. त्यानंतरच्या आठवड्यांत, गुप्त भाग वगळून, कारणांचा चार ओळींचा सारांश देणे शक्य होते का, हा प्रश्न उरतो. मीडियावनच्या निकालाने नेमका हाच मधला मार्ग दाखवला होता, आणि या प्रकरणात तो चोखाळला गेला नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या बीसीएएसने नोव्हेंबर २०२२ मध्ये पाच वर्षांसाठी मंजुरी दिली, तिनेच ती अडीच वर्षांत काढली. दरम्यान नेमके काय बदलले, ते त्या लिफाफ्यात आहे.

सोलापूरचा टेरी टॉवेल परदेशी बाजारात तुर्की टॉवेलशीच झुंजतो. तिथे ऑर्डर हुकली तर कारखानदाराला कारण शोधता येते. दर, वजन, रंग, पोहोचवण्याची मुदत, काहीतरी सापडते आणि पुढच्या खेपेला सुधारता येते. सुरक्षा मंजुरीत हुकलेल्याला काय सुधारायचे हेच माहीत नसते.

हे फक्त परदेशी कंपन्यांपुरते आहे का?

नाही. पाटणा आणि मुंबई, दोन्ही ठिकाणच्या कंपन्या भारतीयच होत्या.

परदेशी संबंधांसाठी वेगळा आणि जास्त स्पष्ट नियम आहे. गलवानच्या संघर्षानंतर, २३ जुलै २०२० रोजी, केंद्राने सरकारी खरेदीच्या नियमांत बदल केला. भारताला जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतील बोलीदाराला आधी केंद्राच्या समितीकडे नोंदणी करावी लागते. त्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय आणि गृह मंत्रालयाची सुरक्षा मंजुरी लागते. कंपनी भारतात नोंदलेली असली, तरी तिची २५ टक्क्यांहून अधिक लाभार्थी मालकी अशा देशातील व्यक्तीकडे असेल तर हाच नियम लागू होतो. भागीदारी संस्थेसाठी ही मर्यादा १५ टक्के आहे. भारताने ज्यांना कर्जसाहाय्य दिले आहे किंवा जिथे विकासप्रकल्प राबवले आहेत, अशा शेजारी देशांना सूट आहे. तुर्कस्तानची सीमा भारताला लागत नाही. त्यामुळे सेलेबीला हा नियम लागूच नव्हता, तिला दुसऱ्या बाजूने अडवले गेले.

सोलापुरातील ठेकेदाराचा या नियमाशी संबंध येतो तो एका पानापुरता. राज्यघटनेच्या कलम २५७(१) खाली केंद्राने राज्यांनाही हे निर्देश दिले असल्याने राज्य सरकार, महापालिका, सार्वजनिक उपक्रम यांच्या निविदांत ‘आम्ही सीमावर्ती देशातील नाही आणि अशा ठेकेदाराला पोटकंत्राट देणार नाही’ असे प्रमाणपत्र जोडावे लागते. बरेचजण ते जुन्या निविदेतून कॉपी करून सही मारतात. मात्र ते खोटे ठरले तर करार तत्काळ रद्द होऊ शकतो आणि पुढील कायदेशीर कारवाईही होऊ शकते. विशेषतः पोटकंत्राटाच्या ओळीकडे दुर्लक्ष होते. मुख्य काम स्वतः घेऊन यंत्रसामग्री बसवण्याचे काम दुसऱ्याकडे दिले असेल, तर तो दुसरा कोण आणि त्याचे भांडवल कोणाचे, हे बघण्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते.

माणसाबरोबर वस्तूचीही पडताळणी आता आली आहे. एप्रिल २०२४ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षाविषयक किमान आवश्यकता ठरवल्या आणि त्यांची अंमलबजावणी ९ एप्रिल २०२५ पासून बंधनकारक झाली. कॅमेऱ्यातील चिप, सॉफ्टवेअर, दूरून प्रवेश मिळण्याची शक्यता यांची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत चाचणी लागते. सोलापूर हे जानेवारी २०१६ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या २० स्मार्ट शहरांपैकी एक. चौकाचौकांत कॅमेरे बसवण्याची कामे अशा शहरांत सतत निघतात. गोदामात पडलेला जुना, चाचणी न झालेला साठा अशा कामात वापरण्याचा विचार असेल तर तो आताच सोडलेला बरा.

मग पोलिस पडताळणीत लोक का अडकतात?

आता दुसरा प्रकार, जो सोलापूरसारख्या शहरात रोज घडतो. दक्षिण सोलापुरातील फताटेवाडीचा एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा वीज प्रकल्प घ्या, रेल्वेचा सोलापूर विभाग घ्या किंवा विमानतळ. अशा ठिकाणी आत जाणाऱ्या कंत्राटी कामगाराचे पूर्वचरित्र तपासले जाते. विमानतळाच्या आतील भागासाठी तर बीसीएएसच्या नियमांनुसार वेगळा प्रवेश पास लागतो. गावाकडचा पत्ता आणि आधारवरचा पत्ता वेगळा, आडनावाचे स्पेलिंग प्रत्येक कागदावर निराळे, भाडेकराराची मुदत संपलेली, ही अडकण्याची नेहमीची कारणे. कंटाळवाणी असली तरी दुरुस्त होणारी.

खरी अडचण येते ती जुन्या गुन्ह्याच्या नोंदीची. गणपतीच्या मिरवणुकीतील भांडण, भाऊबंदकीतील मारामारी, आंदोलनात दाखल झालेला गुन्हा. खटला दहा वर्षे पडून असतो आणि संबंधित माणूस अर्जावर ‘गुन्हा नाही’ लिहून मोकळा होतो. ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात २१ जुलै २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने यावर सविस्तर दिशा दिली. निकाल नोकरभरतीचा असला तरी त्यातले तत्त्व इथेही उपयोगी आहे. दिलेली माहिती खरी हवी. गुन्हा क्षुल्लक असेल तर नियोक्ता त्याकडे दुर्लक्ष करू शकतो, पण निर्णय त्याच्या हाती. माहिती लपवली तर मात्र तेच स्वतंत्र कारण ठरू शकते. म्हणजे गुन्ह्यापेक्षा कोरी सोडलेली ओळ महाग पडते.

पहारेकरी पुरवणाऱ्यांसाठी तर कायदाच वेगळा आहे. खासगी सुरक्षा संस्था (नियमन) कायदा, २००५ नुसार परवाना लागतो, मालकाचे आणि पहारेकऱ्यांचे पूर्वचरित्र तपासले जाते. परवाना निलंबित किंवा रद्द केला तर कारण लेखी द्यावे लागते आणि ६० दिवसांत राज्याच्या गृहसचिवांकडे अपील करता येते. बंदूकधारी पहारेकरी पुरवणाऱ्या संस्थेला कारण सांगता येते, अपील देता येते, आणि तरीही सुरक्षा ढासळत नाही, ही तुलना मंजुरीच्या गुप्ततेवर प्रश्न उभा करणाऱ्यांच्या नेहमी कामी येते. सरकारचे उत्तर असे की परवाना पोलिसांच्या नोंदींवर चालतो, मंजुरी गुप्तचरांच्या माहितीवर. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

कामगारांचे आणि पैशांचे काय होते?

मुंबईत सेलेबीच्या जागी तीन महिन्यांसाठी ‘इंडोथाय’ या कंपनीची नेमणूक झाली. दिल्लीत काम ‘एआयसॅट्स’ आणि ‘बर्ड ग्रुप’कडे गेले. दोन्ही विमानतळांनी, कर्मचाऱ्यांना नव्या कंपनीत सध्याच्याच अटींवर सामावून घेतले जाईल, असे जाहीर केले. याला व्यावहारिक कारणही होते. विमान हाताळणारी प्रशिक्षित माणसे रातोरात मिळत नाहीत. मुंबईसारख्या विमानतळावर पर्यायी कंपन्या रांगेत असतात. छोट्या शहरात एखादा ठेकेदार बाद झाला तर त्याच्या ४०-५० माणसांना उचलायला दुसरा तिथे असेलच असे नाही. नव्या ठेकेदाराने जुनीच माणसे घ्यावीत, अशी अटही सर्व निविदांत नसते. ती घालणे हे निविदा काढणाऱ्या कार्यालयाच्या हातात आहे आणि त्यासाठी दिल्लीच्या परवानगीची गरज नाही.

पैशांची बाजू अशी. मंजुरी ही कराराची अट असते, त्यामुळे ती गेली की करार संपवण्याचा अधिकार समोरच्याला मिळतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलम ५६ नुसार, नंतर बेकायदा किंवा अशक्य झालेले काम करण्याचा करार रद्दबातल ठरतो आणि कलम ६५ नुसार अशा करारातून घेतलेला लाभ परत करावा लागतो. म्हणजे तोपर्यंत झालेल्या कामाच्या बिलावर दावा सांगता येतो. पण बँक हमी जप्त होणार की परत मिळणार, काळ्या यादीत नाव जाणार की नाही, हे निविदेतील कलमाच्या शब्दांवर ठरते. अनेक निविदांमध्ये मंजुरी नाकारली जाणे आणि ठेकेदाराने काम अर्धवट सोडणे यांना एकाच कलमात, एकच शिक्षा लिहिलेली असते. चूक सिद्ध न होता मंजुरी गेली तर अनामत परत मिळेल का, हा प्रश्न निविदापूर्व बैठकीत लेखी विचारता येतो आणि त्याचे उत्तर शुद्धिपत्रकात आले तर ते कराराचा भाग होते.

मंजुरी येण्याआधीच गाड्या, यंत्रे कर्जावर उचलण्याची घाई बहुतेकांना भोवते. कार्यादेशाच्या तारखेपासून दंड सुरू होईल या भीतीने ही खरेदी होते. मंजुरी मिळाल्याच्या दिवसापासून कामाची मुदत मोजली जाईल, अशी दुरुस्तीही त्याच बैठकीत मागता येते. ती न मागता सही केली, तर मंजुरीची फाइल मंत्रालयात असेपर्यंत हप्ते मात्र सोलापुरात भरावे लागतात.